आजरा हजर, काही नाही

स्कूटर विकणे आहे. रंग निळा. एकहाती वापर. संपर्क : निपाणी.

*

आमच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं, इतका मागांचा खडखडाट. आप्पा दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे आणि मध्येच, पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "मागच्या रांगेतला एक थांबलाय."

*

घनसाळ तांदूळ शिजत असला की तिसऱ्या घरातल्या माणसाला भूक लागते.

*

नियम ४ : नव्या सभासदास जुन्या सभासदाची हमी लागेल.

*

ओतकामाच्या वाळूत माती आणि पाणी कालवणारी चक्की सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत घरघरत राहते. फाउंड्रीतल्या माणसांना ती ऐकू येत नाही.

*

बर्फ पडताना आवाज होत नाही.

*

नियम १९ : एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आल्यास तो न वाचता टाकून द्यावा.

*

"आजऱ्याचं नाव काढतोय," आबा घोरपडे फोनवर म्हणाले. "येत्या रविवारी. तुला आधी सांगून ठेवलं. मागनं म्हणशील, सांगितलं नाही."

"का पण?"

"का म्हणजे? महिना झाला, तुझ्या त्या सुभेदाराचा एक निरोप नाही. नियम एकतीस काय म्हणतो?"

नियम एकतीस मला पाठ होता. महिनाभर गप्प राहील त्याचं नाव जाळ्यातून निघेल. आबांनी लिहिलेले बेचाळीसच्या बेचाळीस नियम आम्हा सगळ्यांना पाठ होते, कारण दर सभेला ते उभं राहून वाचून दाखवायचे आणि तोपर्यंत चहा सांगायचे नाहीत.

इंटरनेट हा शब्द आमच्याकडे फक्त पेपरात यायचा, तेव्हाचं हे. आमचं जाळं घरगुती होतं. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, निपाणी, गडहिंग्लज अशा गावांतली आम्ही डझनभर हौशी माणसं. प्रत्येकाकडे एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि घरच्यांची बोलणी खाणारा एक फोन. उजाडता उजाडता, फोनचा दर चढायच्या आत, ज्याचा त्याचा कॉम्प्युटर आपणहून कोल्हापूरला फोन लावायचा, आपले निरोप तिथे टाकायचा आणि बाकीच्यांचे उचलून आणायचा. सकाळी दात घासता घासता साऱ्या गावांचं बोलणं पडद्यावर वाचायला मिळायचं. कोल्हापूर म्हणजे आबा. उद्यमनगरातल्या त्यांच्या फाउंड्रीच्या ऑफिसात मुख्य कॉम्प्युटर होता. निरोपांची छाननी आणि वाटणी करणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. नियमही त्यांचेच.

मी उज्ज्वला हावळ. इचलकरंजीत आमचे माग. कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरी आले तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुताच्या बाचक्यांमागे एक टेबल मांडून दिलं आणि म्हणाले, "एवढ्या जागेत काय ते कर." मी तिथे जाळ्यातलं माझं ठाणं, म्हणजे 'बोर्ड', उघडला. नाव ठेवलं 'धोटा', कारण मागावर इकडून तिकडे धावायचं काम त्याचंच. जाळ्यात मी एकटीच बाई. आबा मला पोरी म्हणत. चिडले की हावळबाई.

सुभेदार दाऊद तकिलदारांना जाळ्यात मी आणलं होतं. फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर उभी हयात घालवून ते आजऱ्याला घरी परतले होते. आमच्या जाळ्याबद्दल कुठल्याशा पेपरात चार ओळी आल्या, त्या वाचून ते एसटीने थेट आमच्या शेडमध्ये आले आणि खडखडाटात ताठ उभं राहून मोठ्याने म्हणाले, "तुमच्या नेटवर रिपोर्ट करायचं आहे." मी हमी दिली. हमी दिलेल्या माणसाचं नाव निघालं तर हमी देणाऱ्याला पुन्हा कुणाला आणता येत नसे. पण मला झोंबत होतं ते निराळंच. पहिल्या दिवशी त्यांचा निरोप आला होता, 'आजरा हजर. काही नाही.' एवढाच. त्यानंतर चिडीचूप. नव्याचे नऊ दिवस करून सोडून देणारा माणूस शेडमध्ये असा उभा राहत नाही.

"मी जाऊन येते," मी म्हणाले.

"कुठं?"

"आजऱ्याला."

"जा की. येताना तांदूळ आण. पण रविवारी नाव निघणार म्हणजे निघणार."

*

नियम ७ : जाळ्यासंबंधीचे बोलणे जाळ्यावरच करावे. घरी जाऊन करू नये.

*

"कोण म्हणतं मी गप्प आहे?"

सुभेदार हातातली कात्री तशीच धरून उभे होते. परसातल्या मेंदीचं कुंपण ते कापत होते आणि ते कुंपण इतकं सरळ होतं की त्याच्यावर कपबशी ठेवता आली असती.

"आबा म्हणतात. एकही निरोप आला नाही म्हणे."

"रोज पाठवतो. नमाज, मग रिपोर्ट, मग चहा. एक दिवस चुकला नाही."

"तापातसुद्धा," त्यांच्या पत्नी जैतुनचाची आतून म्हणाल्या. "अंगात ताप फणफणलेला, आणि मला म्हणतात, मला उठव, निरोप पाठवायचाय. मी म्हटलं, काय सांगायचंय एवढं? म्हणाले, काही नाही. काही नाही हे सांगायला उठवला मी तापातला माणूस."

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला कळत नाही, ते कोल्हापूरवाल्यांना तरी कुठं कळलंय?"

बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण होतं. सुभेदारांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं, खुर्चीत पाठ न टेकता बसले आणि दोन बोटांनी टाइप केलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. तेव्हा आम्हाला दुसरा उपाय नव्हता. आजरा हजर. काही नाही. मोडेमने किंचाळून कोल्हापूरशी ओळख काढली, निरोप गेला, लाइन सुटली. मग मी त्याच फोनवरून आबांना गाठलं.

"आत्ता आजऱ्याहून काय आलं?"

"फोन येऊन गेलेला दिसतोय. निरोप नाही."

"नीट बघा."

"पोरी, प्रोग्राम माझा आहे. नाही म्हणजे नाही."

मी फोन ठेवला, खुर्ची ओढली आणि सुचेल ते टाइप केलं. आजऱ्यात पेरू स्वस्त झालेत. पुन्हा किंचाळी, पुन्हा लाइन सुटली, पुन्हा आबा. मला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही.

"पेरूंचं काय लावलंयस? ही काय मंडई आहे?"

"आला ना?"

"आला की. भाव पण सांग आता."

तिसऱ्यांदा सुभेदारांनी पुन्हा आपली ओळ पाठवली. ती पोचली नाही. दिवसाच्या दराने आम्ही कोल्हापूरशी इतकं बोललो होतो की चाची दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सुभेदार पडद्याकडे बघत होते.

"बेटा," ते हळू म्हणाले, "दोष माझ्या बोटांत आहे की माझ्या नावात?"

"दोन्हींत नाही, काका. तुमच्या ओळीत आहे."

तोवर माझ्या डोक्यात निळी स्कूटर येऊन उभी राहिली होती. मागल्या वर्षी निपाणीच्या बाबगोंडा पाटलांनी स्कूटर विकायची जाहिरात टाकली, आणि त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी उलटं जोडलेलं असल्यामुळे ती परत परत येत राहिली. दर वेळी नवी तारीख लावून यायची, त्यामुळे नवीच वाटायची. सगळ्यांच्या फोनवर आठवडाभर स्कूटर. सांगलीच्या एका सभासदाच्या वडिलांनी बिल बघून मोडेम विहिरीत टाकला. त्या आठवड्यात आबांनी नियम एकोणीस लिहिला आणि प्रोग्रामला शिकवला : तारीख बघायची नाही, नाव बघायचं नाही, मजकूर बघायचा, एकदा आलेला मजकूर पुन्हा आला की फेकायचा. प्रोग्रामला जुना मजकूर कधी विसरायला लावायचा, हे आबांनी ठरवलं नव्हतं. विसरत नाही याचं त्यांना कौतुकच होतं.

म्हणजे सुभेदार रोज हजेरी देत होते, प्रोग्राम रोज ती फेकत होता आणि एकतीसवा नियम एकेक दिवस मोजत होता.

मी हे आबांना फोनवर सांगितलं. तिकडे थोडा वेळ नुसती चक्कीची घरघर ऐकू आली.

"असं होय," ते म्हणाले. "मग सोपं आहे. त्याला म्हणावं, रोज नवं काहीतरी लिही. तारीख घाल, हवा कशी आहे ते घाल. एका माणसापायी नियम हलवत नाही. स्कूटर विसरलीस काय?"

मलाही ते सोपंच वाटलं. मी फोन ठेवून सुभेदारांना सांगितलं.

"नाही," ते म्हणाले.

"काका, नुसती तारीख."

"तारीख घातली की तो नवा निरोप झाला. मला नवं काही सांगायचं नाही."

"मग हवा? पाऊस, ऊन?"

"हवामानाचं वेगळं खातं असतं."

चाची हसल्या. मी हसले नाही. मला राग आला होता. मी इतक्या लांबून आले होते, रविवारी माझीही मान खाली जाणार होती आणि हा माणूस एका ओळीला अडून बसला होता.

"तुम्ही हट्ट धरलात तर नाव निघेल."

"निघू दे. पण मी गप्प होतो म्हणून नाही निघणार. मी गप्प नव्हतो." त्यांनी क्रोशाचं झाकण कॉम्प्युटरवर घातलं, कोपरे नीट केले. "ऐक. नेटवर बसलेल्या प्रत्येक चौकीने ठरलेल्या वेळी बोलायचं असतं. काही असो-नसो. काही नसलं तर 'काही नाही' म्हणायचं. शब्द बदलायचा नाही. शब्द बदलला तर ऐकणारा समजतो, तिकडे काहीतरी झालंय. म्हणून जे रोजचं, ते रोजच्याच शब्दांत."

"पण इथे कोण हल्ला करणार आहे?"

"एक चौकी होती," ते म्हणाले. "उंचावर. रोज सकाळी तिची एक ओळ यायची. एका सकाळी नाही आली. ती ओळ ऐकणाऱ्या मुख्य ठाण्यावरचा ऑपरेटर म्हणाला, बर्फ पडतंय, सेट खराब झाला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी माणसं पाठवली."

"मग?"

"जेवायला बस," सुभेदार म्हणाले. "भात निवतोय."

जेवताना कुणीच जाळ्याचं काढलं नाही. भाताच्या वासाने राग उतरतो, हे मला तेव्हा कळलं. चाचींनी घरचं विचारलं, म्हणून मी आप्पांची गंमत सांगितली : इतक्या मागांच्या दणदणाटात एक थांबला तर खुर्चीतल्या खुर्चीत त्यांना कसा कळतो, आणि चालू असताना मात्र एकही ऐकू येत नाही असं ते कसं म्हणतात.

सुभेदारांचा घास हातातच राहिला.

"रविवारी मी येतो," ते म्हणाले.

*

नियम २ : सभेत एका वेळी एकाने बोलावे. अध्यक्ष केव्हाही बोलू शकतात.

*

कोल्हापूरच्या कारखान्यांना सुट्टी सोमवारी, त्यामुळे रविवारी फाउंड्री भरात होती. ऑफिसच्या काचेपलीकडे साचे भरले जात होते, वाळूची चक्की घरघरत होती. आम्ही आठ-नऊ जण जमलो होतो. सुभेदार इस्त्रीच्या सदऱ्यात आले, तांदळाची पिशवी आबांच्या टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"लाच चालत नाही इथं," बाबगोंडा पाटील म्हणाले.

"हिने मागवला होता," सुभेदारांनी माझ्याकडे बोट केलं.

"आबांनी," मी म्हणाले.

आबांनी पिशवी मुकाट टेबलाखाली सरकवली आणि नियम वाचायला सुरुवात केली. बेचाळीसही वाचून झाल्यावर मी उभी राहिले. आजऱ्यात काय घडलं ते सांगितलं, पेरूंसकट. लोक हसले. मग मी म्हणाले की नियम एकोणीस दुरुस्त करावा आणि आजऱ्याचं नाव ठेवावं.

"बस," आबा म्हणाले. "हावळबाई, माझं म्हणणं ऐका. मी इथं रोज लोखंड ओततो. साचा एकाला एक नि दुसऱ्याला दुसरा असं करत नाही. निरोप म्हणजे काय? ज्यात काहीतरी आहे तो. सुभेदारसाहेब थोर माणूस, मी पाया पडतो. पण रोज उठून तेच? त्याला का मी लोकांच्या फोनवरनं गावोगाव फिरवू? काही नाही हे सांगायला कशाला निरोप लागतो?"

"आबा बरोबर बोलतायत," सांगलीचं कुणीतरी म्हणालं. विहिरीतल्या मोडेमचं दुःख अजून ताजं होतं.

"मी मतदानाच्या बाजूने," पाटील म्हणाले. "माझी स्कूटर अजून विकली गेली नाही. ह्यांची ओळ चालणार असेल तर माझी पण चालू द्या."

पुन्हा हशा झाला. माझे कान तापले. सुभेदार उठले आणि म्हणाले, "पाणी पिऊन येतो." कुणी लक्ष दिलं नाही. काचेच्या दारातून ते बाहेर गेले तेव्हा मला वाटलं, परत येणार नाहीत. सरळ एसटी स्टँडवर जातील.

आबा रंगात आले होते. "रोजचं ते रोजचंच असतंय. ते सांगायचं नसतंय. माझी बायको रोज विचारते का, तुम्ही आहात का म्हणून? मी आहे हे तिला माहीत आहे. उद्या जर मी..."

ते थांबले.

आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांचा हात हवेत तसाच होता. मान काचेकडे वळली होती.

"काय झालं?" पाटील म्हणाले.

खुर्ची मागे ढकलून आबा दाराशी पोचले, दार उघडून ओरडले, "म्हादू, चक्कीला काय झालं रे?"

चक्की बंद होती. आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. चक्कीशेजारी त्यांचा मुकादम म्हादू गोंधळून उभा होता, आणि त्याच्याशेजारी सुभेदार, हात मागे बांधून.

"ह्यांनी सांगितलं, बंद कर म्हणून," म्हादू म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय. बोलले तसंच."

"का बंद करायला लावली?" आबा सुभेदारांवर गरजले. "काय काम होतं?"

"काही नाही," सुभेदार म्हणाले.

मी तोवर आबांच्या मागे येऊन उभी होते.

"आबा, सकाळपासून तुम्हाला चक्की ऐकू येत होती?"

"येत नसती रोजची..." एवढं म्हणून ते पुन्हा थांबले. या वेळी कुठलीच चक्की बंद पडलेली नव्हती.

ते म्हादूकडे वळले. मग म्हणाले, "सुरू कर बाबा. वाळू आवळेल." घरघर सुरू झाली. आबा आत आले, खुर्चीत बसले, टेबलाखालची पिशवी पायाने चाचपली. सुभेदार येऊन आपल्या स्टुलावर बसले. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला बाहीवर काळी वाळू लागली होती.

"पाटील," आबा म्हणाले.

"बोला."

"हात वर कर."

"कशासाठी?"

"कर म्हटलं की कर. बाकीच्यांनी पण."

सगळे हात वर झाले. आबांनी आपल्या टेबलावरचा कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि वर पेन ठेवलं. त्यांच्या नियमांत आजवर दुसऱ्या कुणाच्या हाताचं एक अक्षर नव्हतं.

"लिही. नंबर बदलायचे नाहीत, लोकांना पाठ आहेत. एकोणीस-अ म्हणून लिही."

*

नियम १९-अ : जो रोज तेच सांगतो त्याचे रोज ऐकावे. जो काहीच सांगत नाही त्याचे नाव काढण्याआधी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन यावे.

*

"दुसऱ्या ओळीने नियम सात मोडतोय," आबा वाचून म्हणाले.

"हो."

"मोडू दे."

प्रोग्रामचं काम मी आठवडाभरात केलं. युक्ती साधी होती. पोस्टाचा शिक्का पत्राच्या मजकुरावर नसतो, पाकिटावर असतो. तसा प्रत्येक निरोपाच्या पाठीवर, पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरने स्वतःचा चालू क्रमांक टाकायचा. घुमून आलेली स्कूटर तोच क्रमांक घेऊन येणार, म्हणून फेकली जाणार. सुभेदारांची ओळ शब्दाला शब्द तीच असली तरी क्रमांक रोजचा नवा. त्यांना एक अक्षर बदलावं लागलं नाही. आबांनी माझं काम तपासलं, दोन ठिकाणी नाक मुरडलं, तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, "हे मला सुचायला पाहिजे होतं." मग आपल्या प्रोग्रामच्या पहिल्या पानावर, जिथे फक्त त्यांचं नाव होतं, तिथे माझं टाइप केलं. आडनाव, गाव, सगळं. मी घरी जाऊन आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी सुताच्या व्यापाऱ्याला ते माझं टेबल दाखवत होते.

त्यापुढच्या सोमवारी सकाळी पडद्यावर पहिली ओळ आली. आजरा हजर. काही नाही.

दोन-तीन आठवड्यांत गडहिंग्लजने सुरू केलं. गडहिंग्लज हजर, काही नाही. मग सांगली. मीही. कुणी सांगितलं नव्हतं, नियमही नव्हता. एका सकाळी 'निपाणी हजर. स्कूटर अजून आहे' असं आलं, आणि पुढे रोज तेच येत राहिलं. आबा शेवटपर्यंत म्हणायचे की हा सगळा पोरखेळ आहे. कोल्हापूरची ओळ मात्र सगळ्यांच्या वर असायची.

तीनेक वर्षांनी एका सकाळी कोल्हापूर लागलं नाही. फोन वाजत राहिला, मोडेमने उचलला नाही. आप्पा म्हणाले, "लाइन बिघडली असेल."

"असेल," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

आबांच्या बंगल्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा पाटील आधीच आलेले होते, त्याच निळ्या स्कूटरवर. माझ्यामागून सांगलीचा सभासद रिक्षातून उतरला. फाटकाला आंब्याचे टहाळे बांधलेले होते, आत मांडव होता. आम्ही एकमेकांकडे बघत असतानाच कोपऱ्यावरून सुभेदार चालत आले, खांद्याला पिशवी. आजऱ्याहून निघणारी पहिली एसटी त्यांनी धरली होती.

आबा लुंगीवर बाहेर आले. तोंडात ब्रश, कपाळाला हळद. आदल्या दिवशी त्यांच्या मुलीची हळद झाली होती, आणि मांडववाल्याने शेजारच्या फाउंड्रीतून विजेची वायर ओढताना तिथला खटका पाडून ठेवला होता.

"काय झालं?" त्यांनी आम्हाला एवढ्यांना बघून ब्रश काढला. "कोण गेलं?"

"तुम्ही," पाटील म्हणाले.

आबांनी आम्हाला एकेक करून बघितलं. सुभेदारांच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे बघितलं. "आत या, चहा टाकायला सांगतो," म्हणाले आणि आत गेले. चहा लगेच आला. आबा बऱ्याच वेळाने आले, तोंड धुऊन.

लग्नात ते प्रत्येक पाहुण्याला थांबवून तक्रार करत होते. "ही बघा माझी माणसं. एक सकाळ फोन लागला नाही तर दारात हजर. काय म्हणायचं ह्यांना? हा निपाणीचा. ही इचलकरंजीची, हिने नियम केलाय तो. आणि हे सुभेदारसाहेब, आजऱ्याहून उठून आलेत. कशासाठी आलेत माहीत आहे? काही नाही." पाहुण्यांना काही कळत नव्हतं. आबा पुढच्या पाहुण्याला धरत होते.

मग गावोगाव इंटरनेट आलं आणि आमच्या जाळ्यातली नावं एकेक करून मिटत गेली. आज माझ्या कंपनीत चारशे माणसं प्रोग्राम लिहितात. नव्याने येणाऱ्याला मी एकच नियम पाठ करायला लावते. तो बेचाळीसांतला नाही. मधे घुसवलेला आहे, माझ्या हातचा.

उंचावरची ती चौकी गप्प झाली त्या हिवाळ्यात मुख्य ठाण्यावर कानाला हेडफोन लावून बसलेला ऑपरेटर बावीस वर्षांचा होता. त्याचं नाव दाऊद तकिलदार.